राखणदाराला शीव असते, सुपरहिरोला असते का?

सड्यावरचा (धागाकर्ता)

यंदा चतुर्थीत आमच्या पडवीत दोन भाच्यांचं कडाक्याचं भांडण झालं. एकाचं म्हणणं बॅटमॅन, दुसऱ्याचं सुपरमॅन. बाहेर पाऊस कोसळतोय, मी विळीवर मोदकांसाठी नारळ खवतोय आणि ही दोघं माझ्या दोन बाजूंना बसून तावातावाने बोलतायत. थोरल्याचा मुद्दा असा, की बॅटमॅनने आईवडिलांना डोळ्यांदेखत मरताना पाहिलं, तो आतून मोडलेला आहे, म्हणून तो खोल. सुपरमॅनला उडता येतं, गोळी लागत नाही, त्याच्यात विचार करण्यासारखं काय आहे?

मी तेव्हा काही बोललो नाही. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्याचं दुःख मोठं तो माणूस जास्त गुंतागुंतीचा, हे मला पटत नाही. दुःख वाट्याला आलं यात त्याचा दोष नाही आणि कर्तृत्वही नाही. पुढे त्याने काय केलं, ते करताना कुणाचं काय मोडलं आणि ज्याचं मोडलं त्याच्यासमोर तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला का, माझ्या लेखी गुंता तिथून सुरू होतो.

मी वेंगुर्ले तालुक्यातला. आरवलीचा वेतोबा, तिथला ग्रामदेव, आमच्यापासून लांब नाही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्याला लोक चामड्याच्या चपला वाहतात, भल्या मोठ्या, माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत अशा. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी आजीने अशाच एका जोडाचा तळ मला उलटा करून दाखवला होता. टाचेकडे चामडं पातळ झालं होतं. मी बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसलो होतो.

आमच्याकडच्या राखणदाराबद्दल दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे त्याची हद्द ठरलेली असते, गावाची शीव. दुसरी, त्याला गाऱ्हाणं घालता येतं. एक जण पुढे होऊन बोलतो, बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. तू राखणदार, तुझ्या गावात हे असं झालं, आता तूच बघ, असं त्याला तोंडावर सांगता येतं.

आता ग्रीन लँटर्न बघा. म्हणजे हॅल जॉर्डन, अवकाशाच्या एका अख्ख्या विभागाचा राखणदार. १९७० सालच्या ७६व्या अंकात (लेखक डेनिस ओ'नील, चित्रं नील अ‍ॅडम्स) एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस त्याच्यापुढे येतो. म्हणतो, निळ्या कातडीच्या लोकांसाठी तू झटलास, नारिंगी कातडीच्यांना मदत केलीस, जांभळ्यांसाठीही बरंच केलंस, मग काळ्या कातडीच्यांकडे का नाही बघितलंस? हॅलची मान खाली जाते. त्याच्याकडे उत्तर नाही. मला ती चौकट बघितली की गाऱ्हाणंच आठवतं. इतकी मोठी हद्द घेतली की पायाखालची गल्ली दिसत नाही.

आणि म्हणून माझा माणूस स्पायडरमॅन. ऑगस्ट १९६२, 'अमेझिंग फँटसी'चा १५वा अंक, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको, अवघी ११ पानांची गोष्ट. पोलीस चोराच्या मागे धावतोय, चोर पीटर पार्करच्या समोरून लिफ्टमध्ये शिरतो आणि पीटर हातही पुढे करत नाही. पुढे तोच चोर त्याच्या बेन काकांना मारतो. मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे वाक्य सगळ्यांना काकांचं वाटतं. त्या मूळ अंकात ते काकांच्या तोंडी नाहीच. शेवटच्या चौकटीत पीटर एकटा अंधारात चालत जातो आणि वर निवेदकाच्या ओळीत ते येतं. म्हणजे त्याला कुणी आधी बजावलं होतं आणि त्याने ऐकलं नाही, असं नाही. सगळं होऊन गेल्यावर ते त्याच्या वाट्याला आलं.

त्याहून कठीण प्रसंग 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१व्या अंकात आहे. जून १९७३, लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली फेकतो. पीटर जाळं सोडतो, ते तिच्या पायाला धरतं, ती अधांतरी थांबते. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: स्नॅप. वाळकी काटकी मोडावी तेवढाच. पीटरला ते ठाऊक नाही. तो तिला वर ओढून घेतो, खूश आहे, तिच्याशी बोलतोय, आणि मग त्याला कळतं. गॉब्लिन म्हणतो, इतक्या उंचीवरून पडणारा खाली पोचायच्या आधीच मरतो. पण तो बारीक शब्द तिथे छापलेला आहे. पुढे पत्रांच्या पानावर संपादकांनीच मान्य केलं, की जाळ्याच्या हिसक्याने ती गेली.

वाचवायला टाकलेल्या हातानेच माणूस गेला. हे घेऊन तो त्याच शहरात राहतो, त्याच रस्त्यांवरून जातो. मला यापेक्षा गुंतागुंतीचं सुपरहिरोंमध्ये काही सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर सांगा, मनापासून ऐकायचं आहे.

खाडीपलीकडे

धागा आवडला, पण बॅटमॅनवर अन्याय केलात. तुमच्या भाच्याने त्याची बाजू कच्ची मांडली, म्हणून ती कच्ची ठरत नाही.

आईवडिलांचा खून ही सुरुवात आहे, ते सोडून द्या. त्याची खरी गाठ 'मारायचं नाही' या नियमात आहे. आणि हा नियम त्याच्याबरोबर जन्माला आलेला नाही. १९३९ साली तो आला तेव्हा पहिल्या वर्षात तो कधी कधी बंदूक वापरतानाही दिसतो. नियम नंतर आला आणि मग त्या नियमाची किंमत दुसऱ्यांनी चुकवली.

१९८८मध्ये जोकरच्या हातून दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनने मुलासारखा सांभाळलेला साथीदार जेसन टॉड, मेला. तो मरावा की जगावा हे वाचकांना फोन करून ठरवायचं होतं, फोनला ५० सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी एक पोरगा गेला. तुम्ही म्हणता, ज्याचं मोडलं त्याच्यासमोर उभं राहायला हवं. इथे मोडणाऱ्यांत आपण वाचकही आहोत. मी तेव्हा तान्हा होतो, पण वाचताना दर वेळी प्रश्न पडतो की मी कोणता नंबर फिरवला असता. आणि प्रामाणिकपणे सांगतो, जेसन मला तेव्हाच्या अंकांत उद्धटच वाटतो. मी कदाचित चुकीचा फिरवला असता.

पुढे लेखक जड विनिक यांच्या कथेत जेसन परत येतो आणि समोर उभा राहून विचारतो. तू मला वाचवलं नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही, पण तो जोकर अजून जिवंत का आहे? बॅटमॅन सांगतो की मारणं अवघड म्हणून मी थांबलेलो नाही. ते फार सोपं आहे. एकदा तिथे गेलो तर परत येणार नाही, याची भीती आहे.

बघा, गाऱ्हाणं घालणारा स्वतःचाच मेलेला मुलगा आहे. राखणदाराचं उत्तर खरंही आहे आणि त्या मुलाला काडीचा दिलासा देणारंही नाही. ग्वेन निदान परत येऊन प्रश्न विचारत नाही हो.

सड्यावरचा

खाडीपलीकडे, शेवटच्या वाक्याने मला गप्प केलंत. ७२ मतांचा प्रकार माहीत होता, पण वाचकाला त्या जबाबदारीत धरायचं मला सुचलं नव्हतं.

तरी एक शंका. बॅटमॅन उत्तर देताना स्वतःबद्दल बोलतो: मी बिघडेन, मी परत येणार नाही. जोकर सुटल्यावर पुढे जी माणसं मरतात त्यांच्या घरी तो कधी जातो का? त्याचा नियम त्याचा आत्मा शाबूत ठेवतो. गावाचं काय?

बकुळफूल

मी धाकट्या भाच्याच्या बाजूने.

सुपरमॅन सोपा वाटतो, कारण चांगुलपणा सोपा असतो असं आपण धरून चालतो. मी शाळेत शिकवते. वर्गातला सगळ्यात शहाणा मुलगा सगळ्यात कमी गुंतागुंतीचा, असं मला आजवर एकदाही आढळलेलं नाही. बहुतेक वेळा त्यालाच सगळ्यात जास्त गिळावं लागतं.

१९८५चं 'सुपरमॅन अ‍ॅन्युअल' क्रमांक ११, लेखक अ‍ॅलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्स. वाढदिवसाला त्याला कुणीतरी एक वनस्पती पाठवतं, ती छातीला चिकटते आणि मनातली सगळ्यात खोल इच्छा स्वप्नात पुरी करते. जग जिंकण्याचं स्वप्न त्याला पडत नाही. त्याचा ग्रह फुटलेलाच नसतो, त्याला बायको असते, दोन मुलं असतात, साधी नोकरी असते. आणि मग त्याला जाणवायला लागतं की हे खरं नाही. तो आपल्या लहान मुलाला जवळ घेतो, तू जन्मलास तेव्हा मी तिथे होतो म्हणतो, आणि रडत रडत सांगतो की तू खरा आहेस असं मला वाटत नाही. मूल घाबरतं. आणि तो तिथून निघून येतो. 

सड्यावरचा, तुम्ही म्हणालात ज्याचं मोडलं त्याच्यासमोर उभं राहायचं. इथे तो ज्या मुलाला पुसून टाकतोय त्याच्याच समोर गुडघ्यावर बसून ते सांगतो. स्वप्नातलं मूल आहे म्हणून वाचताना काही कमी लागत नाही.

दुसरी जागा 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या १०व्या अंकातली, मॉरिसन आणि क्वाइटली यांची. तो स्वतः मरायला टेकलाय, हाताशी दिवस थोडे, कामांची रीघ. त्यात एका इमारतीच्या कडेवर एक मुलगी उभी आहे. तो तिच्या मागे येऊन उभा राहतो. सांगतो की तुझ्या डॉक्टरला खरंच उशीर झाला होता, आणि तुला वाटतं त्यापेक्षा तू पुष्कळ खंबीर आहेस. मग जवळ घेतो. एक पान, बस. पकडून खाली आणणं त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत जमलं असतं. तो आधी बोलतो.

एका वर्षी दहावीच्या निकालादिवशी एक मुलगी संध्याकाळपर्यंत शाळेच्या जिन्यात बसून राहिली. मला काही बोलायला सुचेना. नुसती शेजारी बसले. साडेसातच्या एसटीपर्यंत दोघी बसलो होतो, मध्ये तिने माझ्या डब्यातला अर्धा लाडू खाल्ला. एसटी आली, ती चढली. मी घरी येऊन ते पान पुन्हा काढलं.

म्हातारो_माड

मी ही पुस्तका वाचलेली नाय. नातू वाचता आणि माका चित्रा दाखयता. सड्यावरच्यान वेतोबाचा लिवल्यान ता बरोबर, पण एक गोष्ट ऱ्हवली. गाऱ्हाणा घालतना आमी नुसता मागणा करणव नाय. काय चुकला माकला आसात तर ता पदरात घे, असा पयला म्हणतव. म्हणजे राखणदारासमोर जातल्या माणसाक पण आपला चुकलेला कबूल करूचा लागता. तुमच्या त्या शहरातले लोक त्या कोळ्याक हाक मारतत, तेव्हा काय कबूल करतत? मी नातवाक इचारलय. तेका काय उत्तार सुचाक नाय.

सड्यावरचा

आजोबा, मलाही सुचलेलं नाही. हे राहिलंच होतं माझं.

जुना_वेताळ

माझ्या नावावरून कळलं असेल मी कोणत्या पिढीचा. वडील मुंबईला गिरणीत. मे महिन्यात आले की त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली इंद्रजाल कॉमिक्स असायचे. मार्च १९६४ला ते सुरू झाले, १९९०ला बंद पडले. ली फॉक यांचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला होता. कुडाळच्या पोराला वेताळ हे नाव वाचून काय वाटणार? हा आपलाच. चालतंबोलतं प्रेत, मरत नाही, जंगल राखतो. मला खरंच वाटायचं की हा डेंकालीचा वेतोबा. (वेताळाच्या देशाचं नाव मूळ बंगाल्ला, पण आपल्याकडच्या आवृत्तीत डेंकाली.)

तुम्ही सगळे एकेका माणसाच्या मनाबद्दल बोलताय. वेताळ एक माणूस नाही, तो २१वा आहे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून एक जण किनाऱ्याला लागला, त्याने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, की चाचेगिरी, लोभ, क्रूरता आणि अन्याय यांच्याशी मी लढेन आणि माझी मुलं, त्यांची मुलंही लढतील. हा पुढचा भाग लहानपणी मी नुसता वाचून गेलो. मुलांना कुणी विचारलं? बाप मरतो तेव्हा पोरगा कुठेतरी दूरच्या शहरात शिकत असतो, त्याचं स्वतःचं काही चाललेलं असतं, आणि निरोप येतो.

आमच्या घराकडे देवळातला एक मान आहे. वडील गेले तेव्हा मी मुंबईत नोकरीला, २६ वर्षांचा, नुकतं कायम केलेलं. शिमग्याला गावी जायला साहेब रजा देईना. मला स्वतःला तरी जायचं होतं का, हेही तेव्हा धड सांगता आलं नसतं. गेलो. पालखीचा दांडा खांद्यावर आला तो नेमका त्या जागी, जिथे वडिलांच्या खांद्याला घट्टा होता. लहानपणी त्यांच्या पाठीला तेल लावताना तो घट्टा माझ्या बोटांना लागायचा. त्या रात्री मला अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. दोन्ही खरं. चाळीस वर्षं दर शिमग्याला दोन्ही येतं.

म्हणून मला वेताळ हा सगळ्यांत अवघड वाटतो. स्पायडरमॅनने चूक केली आणि ओझं घेतलं. वेताळाने काहीच केलेलं नाही.

मोठेपणी एक गोष्ट खटकली, तीही लिहायलाच हवी. आफ्रिकेतल्या जंगलात काळ्या माणसांची राखण एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या करतो आणि त्या लोकांपैकी कुणी त्याच्याकडे हिशेब मागत नाही. गाऱ्हाणं घातलं तरी ते मदतीचं असतं. 'तू इथे का?' हे कुणी विचारत नाही. ग्रीन लँटर्नला त्या म्हाताऱ्याने विचारलं तसं वेताळाला कुणीतरी विचारायला हवं होतं. माझं त्याच्यावरचं प्रेम यामुळे गेलं नाही, पण ते आता पूर्वीसारखं निर्धास्त नाही.

आणि बहादूरचं नाव या धाग्यात यायलाच हवं. आबिद सुरतींनी १९७६मध्ये इंद्रजालसाठी तयार केलेला. डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला, म्हणून सूड घ्यायला निघालेला पोरगा शेवटी गावकऱ्यांना उभं करून नागरिक सुरक्षा दल काढतो. अंगात ना शक्ती, ना जादू. मुखवटाही नाही, त्यामुळे ज्यांच्या घरावर त्याच्या बापाने दरोडे घातले त्यांना तो तोंडाने ओळखता येतो. सड्यावरचा, तुमच्या कसोटीला हाच उतरतो.

लाटेवरचा

सगळे राखणदारांबद्दल बोलतायत. राखण ज्यांची कधी झालीच नाही, त्यांचं काय?

'एक्स-मेन'मधला मॅग्नेटो १९६३ला आला तेव्हा साधा खलनायक होता. लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी १९८१मध्ये 'एक्स-मेन'च्या १५०व्या अंकात त्याला भूतकाळ दिला: ऑशविट्झमधून वाचलेला मुलगा. त्या अंकात तो रागाच्या भरात एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो, ती कोसळते. १३-१४ वर्षांची पोरगी. तिला उचलून घेतो आणि त्याच्या लक्षात येतं, की ज्यांनी आपल्या माणसांना मारलं त्यांच्यासारखेच आपण झालो. (ती जिवंत असते, पण त्या क्षणी त्याला ते माहीत नाही.) कुणी त्याला हरवलेलं नसतं, तो स्वतःहून थांबतो.

मला तो पटत नाही, त्याच्या बाजूने मी नाही. पण आपल्या लोकांवर, म्हणजे आता म्युटंटांवर, पुन्हा तेच येणार हे त्याचं भय खोटं नाही. एक्स-मेनचा प्रमुख चार्ल्स झेवियर बरोबर असतो, तो समजूतदार आहे. तरी त्याच्याकडे मॅग्नेटोला देण्यासारखं उत्तर नाही, फक्त आशा आहे.

जाता जाता एक. माझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना 'वॉचमेन' या कॉमिकमधला मुखवटेवाला रोर्शाक आवडतो, तडजोड करत नाही म्हणून. मलाही सतराव्या वर्षी आवडायचा. परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, त्याच्या खोलीत कुणी येत नाही, त्याच्याशी कुणी धड बोलत नाही आणि तो ज्यांच्यासाठी लढतो त्यांची त्याला किळस येते. राखणदार गावाची घाण काढतो, पण गावालाच घाण म्हणायला लागला तर त्याला शिवेच्या आत का ठेवायचं?

वाशिष्ठीकाठ

चार दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

चिपळूण, २२ जुलै २०२१. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना मला ते करता येणार नाही. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. शेजारचं घर बैठं, कौलारू. त्यात काका एकटे. सकाळी ते खिडकीच्या गजाला धरून मानेएवढ्या पाण्यात उभे होते. मी सुकत घालायची नायलॉनची दोरी चौपदरी करून टाकली. मनगटाला गुंडाळा म्हणून ओरडलो, त्यांनी गुंडाळली. गज सोडा म्हणालो, त्यांनी सोडला. पाण्याने त्यांना एकदम ओढलं आणि मी होती नव्हती ती ताकद लावून मागे खेचलं.

आवाज नाही आला. पाण्याचा एवढा घोंघाट होता की काहीच ऐकू येत नव्हतं. दोरीतून माझ्या हाताला कळलं. काहीतरी जागचं सुटल्यासारखं.

काका वाचले. खांदा निखळला होता आणि पहिले दोन दिवस डॉक्टरपर्यंत पोचता आलं नाही. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. ते प्रत्येक भेटीत माझ्या पाठीवरून दुसरा हात फिरवतात, लोकांना सांगतात, याच्यामुळे मी आहे. आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघत नाही. आजवर नाही बघितलं. दुखतो का म्हणून एकदाही विचारलेलं नाही.

माझी कॉमिक्स कॉटखालच्या ट्रंकेत होती. पाणी उतरल्यावर उघडली तर पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली, वरून चिखल. १२१ आणि १२२ दोन्ही होते त्यात, पुनर्मुद्रणातले. फेकताना वाईट वाटलं नाही, तेव्हा बाकी इतकं काही फेकायचं होतं. पण धाग्यात तो स्नॅप वाचला आणि त्या दिवसाच्या दोरीसकट सगळं परत हातात आलं.

मला एवढंच म्हणायचंय, की दोरी टाकली नसती तर काय, हा प्रश्न मला छळत नाही. जरा हळू खेचता आलं असतं का, हा छळतो. पीटरलाही तोच छळत असणार असं मला वाटतं. आणि या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळालं तरी त्याचा उपयोग कुणालाच नाही.

बकुळफूल

वाशिष्ठीकाठ, वाचलं. शेजारी बसलेय असं समजा.

सड्यावरचा

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण वरच्या प्रतिसादानंतर माझं मूळ म्हणणं मला पुन्हा तपासावं लागलं.

मी लिहिलं होतं, ज्याचं मोडलं त्याच्यासमोर उभं राहिलं पाहिजे. लिहायला सोपं होतं. वेताळकाकांचा राग आणि अभिमान, आजोबांचं 'पदरात घे' आणि तुमची दोरी वाचल्यावर वाटतं, की उभं राहणं हे एकट्या राखणदाराच्या हातात नसतं. समोरच्यालाही दार उघडं ठेवावं लागतं.

१२२व्या अंकाचं शेवटचं पान कुणाला आठवतं का? गॉब्लिन मेलेला आहे. पीटरने त्याला मारायचं म्हणून हात उचलला होता, मग आवरला, आणि तो स्वतःच्याच यंत्राने मेला. त्याने पीटरला काही मिळालेलं नाही. तो घरी येतो, तिथे मेरी जेन बसलेली. आजवर हसण्याखिदळण्यातली, कशात न गुंतणारी मुलगी. पीटर तिच्यावर खेकसतो, तुला कुणाचं काय पडलंय, चालती हो म्हणतो. ती रडत दारापर्यंत जाते, दार उघडते. क्षणभर थांबते. आणि दार आतून लावून घेते. कुणी काही बोलत नाही. इतकी वर्षं मी ग्वेनच्या चौकटीबद्दल बोलत आलोय आणि हे पान भाच्यांना एकदाही दाखवलं नाही. येत्या रविवारी थोरल्याला फोनवर वाचून दाखवणार आहे.

खाडीपलीकडे, बॅटमॅनबद्दल माझी शंका अजून आहे. पण जेसनच्या प्रश्नाला दुसरं कोणतं उत्तर मला चाललं असतं, ते मलाही सांगता येत नाहीये.

जुना वेताळ, तुमच्याकडे मराठी इंद्रजाल अजून असतील तर बघायला येऊ का? पाऊस ओसरला की कुडाळला येणं होईल.

जुना_वेताळ

१९ शिल्लक आहेत, तीन वाळवीने खाल्लेत. या. आधी फोन करायची गरज नाही, मी असतोच. बहादूरचे दोन आहेत, त्यातल्या एकाची शेवटची पानं नाहीत, शेवट मी तोंडी सांगेन.

म्हातारो_माड

नातू पण येवंदे म्हणता. दोघा येतलव.

वाशिष्ठीकाठ

काल काकांकडे गेलो होतो. विचारलं, खांदा दुखतो का.

म्हणाले, पावसाळ्यात जास्त. मग म्हणाले, बरं झालं आलास, ती मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून गेली कामवाली, माझा हात पोचत नाही, काढून दे.

काढून दिली. नंतर आणखी दोन बरण्या खालच्या फळीवर आणून ठेवल्या. चहा झाला. ते पेपर वाचत होते, मी बसलो होतो. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारून दाखवलं, बघ, इथवर जातो. बघितलं.